पाचला उठून करायचे काय?

माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. २०१६ सालच्या जानेवारीत मी तिच्या पहिल्या पानावर रेघा आखून एक तक्ता केला होता. पहाटे पाचला उठणे, २० मिनिटे ध्यान, अर्धा तास व्यायाम, ३० पाने वाचन, उद्याच्या कामांची यादी आज रात्री, असे त्याचे रकाने होते. आमच्या कंपनीत एका प्रशिक्षकांचे शिबिर झाले होते, त्यात त्यांनी जगातल्या नामवंत उद्योगपतींची दिनचर्या पडद्यावर दाखवली होती. ती पाहून मी भारावून घरी आले आणि तो तक्ता आखला. बरोबरच्या खुणा १९ दिवस नियमाने पडल्या आहेत, विसाव्या दिवसापासून पान कोरे आहे. पुढच्या पानांवर २०१७, २०१८ आणि २०१९ या सालांचे तसेच तक्ते आहेत आणि त्यांतल्या खुणा वर्षागणिक कमी होत गेल्या आहेत.

त्या १९ दिवसांतली एक सकाळ मला नीट आठवते. मी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, फिरायला निघण्यासाठी मफलर गुंडाळत होते. ते बँकेत ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वहीकडे पाहिले आणि विचारले, "अगं, लवकर उठतेस ते चांगलंच आहे. पण पाचला उठून करायचं काय, हे ठरलंय का?"

मी म्हटले, "अण्णा, आधी सवय लागू दे, मग काय करायचं ते बघू."

"सवय कशाची तरी लागते, सूनबाई. नुसती सवय लागत नाही," एवढे म्हणून ते जिना उतरून गेले.

या वाक्याचा अर्थ उमगायला मला पुढची काही वर्षे लागली आणि तो उमगला तो मोडी या मराठीच्या जुन्या लिपीच्या निमित्ताने. वाईजवळच्या आमच्या मूळ गावच्या घरातून अण्णांनी एक पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यात पणजोबांच्या काळातले मोडी कागद होते, आणि ते घरात कुणालाच वाचता येत नव्हते. ते वाचायला शिकावे अशी माझी मनापासूनची इच्छा होती. मी तीन वेळा मोडीच्या वर्गात नाव घातले आणि तीनही वेळा अर्ध्यातून सोडून दिले. प्रत्येक वेळी मी स्वतःला दोष दिला की माझ्या अंगी शिस्त नाही, चिकाटी नाही, मोठी माणसे बघा कशी वागतात. मात्र मोठी माणसे नेमकी कशी वागली आणि तशी का वागली, हे मी कधी शोधले नव्हते.

पहाटे पाचला उठल्याने माणूस मोठा होत असता, तर मार्केट यार्डातले हमाल, दूध टाकणारी मुले आणि पहिल्या पाळीवर निघणारे पुण्याच्या पीएमपी बसचे चालक हे या शहरातले सर्वांत यशस्वी लोक ठरले असते, कारण ते पाचच्याही आधी उठतात. सवयींच्या याद्या करणारे लोक या माणसांची गणती करत नाहीत. आधी यशस्वी माणूस निवडायचा आणि मग त्याच्या दिवसातली एखादी सहज दिसणारी गोष्ट उचलायची, अशी ती रीत आहे. त्या माणसाला ती सवय कोणत्या अडचणीमुळे लावून घ्यावी लागली, हे यादीत येत नाही. माझ्या मते शिकण्यासारखे जे काही असते ते त्या अडचणीत असते.

मी राहते त्या कर्वेनगराचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. या भागाला ज्यांचे नाव मिळाले त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चालण्याविषयी इथल्या प्रत्येक शाळेत सांगितले जाते. कोकणातल्या मुरूडहून लहानपणी ते परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० मध्ये, प्लेगच्या त्या दिवसांत, हा आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर आला. नोकरी शहरात आणि आश्रम माळावर, म्हणून ते कॉलेजचे काम आटोपून पायी हिंगण्याला येत. ते १०४ वर्षे जगले, म्हणून आरोग्याच्या लेखांत त्यांच्या चालण्याचे गुणगान होते आणि त्यात काही चूक नाही. पण त्यांना आरोग्यासाठी चालायचे नव्हते, त्यांना आश्रमात पोहोचायचे होते. आश्रम माळावर नसता, तर ते त्या वाटेने रोज गेलेच नसते.

इथे एक गोष्ट सांगितल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. कर्व्यांच्या चिकाटीविषयी बोलताना गोदूबाईंचा, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंचा, उल्लेख घाईघाईत उरकला जातो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या बाईंनी संसार चालवला आणि आश्रमाच्या कामाचाही भार उचलला. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. मोठ्या माणसाच्या नियमित दिनचर्येखाली दुसऱ्या कुणाचे तरी काम असते. माझ्या निळ्या वहीतला तक्ता कोलमडला त्याचे एक कारण साधे होते. पाच ते सात या वेळेत घरातले डबे, पाणी आणि मुलीची शाळा हे सगळे माझ्याकडे होते, आणि पडद्यावरच्या त्या दिनचर्यांत डबा कोण भरते हे लिहिलेले नव्हते. हे ध्यानात आल्यावर स्वतःला नालायक समजणे मी थांबवले, याचे समाधान मला अजून वाटते.

कर्व्यांना फर्ग्युसनमध्ये बोलावून आणणारे गोपाळ कृष्ण गोखले माझ्या मनाला सर्वांत जवळचे आहेत. मी २० वर्षे हिशेब विभागात काम करते, तेव्हा आकड्यांशी प्रामाणिक राहणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटणे स्वाभाविक आहे. पण माझ्या आदराचे खरे कारण त्यांची एक चूक आहे.

१८९७ साली गोखले ३१ वर्षांचे होते आणि हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले होते. त्याच काळात पुण्यात प्लेग होता आणि गोरे सैनिक घराघरांत शिरून झडती घेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर भरवसा ठेवून गोखल्यांनी विलायतेतल्या वर्तमानपत्रात सैनिकांच्या अत्याचारांविषयी गंभीर आरोप केले, त्यांत स्त्रियांवरच्या अत्याचाराचाही आरोप होता. परत आल्यावर ते आरोप सिद्ध करता येतील असा पुरावा त्यांना मिळाला नाही, पत्रे लिहिणारे पुढे आले नाहीत. तेव्हा त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांच्यावर टीका झाली ती सरकारकडून कमी आणि आपल्याच लोकांकडून जास्त. आपल्या माणसांची नावे सांगून सुटका करून घेण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण तो त्यांनी घेतला नाही.

पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत वर्षामागून वर्षे शिल्लक दिसत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवली जात होती. गोखल्यांनी शिल्लक खोटी आहे असे म्हटले नाही. ती कशी झाली, एवढेच त्यांनी उलगडून दाखवले. सरकारची जमा रुपयांत होती आणि विलायतेला करायचा खर्च पौंडांत होता. चांदी उतरत गेल्याने रुपयाचा भाव घसरला, तेव्हा ती तूट भरून काढण्यासाठी कर वाढवले गेले आणि १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपया सावरून १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून, आणि तीही लागोपाठ दोन मोठ्या दुष्काळांनी लोक खंगलेले असताना. १९०३ मध्ये मिठाचा कर २ रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये १ रुपयावर आला. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, पण ही मागणी त्यांनी दरवर्षी आकडे मांडून लावून धरली होती.

गोखल्यांची ही तयारी न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली झाली होती. सरकारी अहवाल वाचायचे, त्यांतले आकडे पडताळायचे, मगच लिहायचे, असा तो धडा होता. तरीही १८९७ मध्ये एकदा, पुण्याच्या दुःखाने मन पेटलेले असताना, पडताळणी राहून गेली. १९०२ चे भाषण मी त्या माफीच्या शेजारी ठेवून वाचते, तेव्हा त्यातला काटेकोरपणा मला एखाद्या गुणापेक्षा खोल जखमेवर धरलेल्या खपलीसारखा वाटतो.

ही जखम मला ओळखीची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एका पुरवठादाराची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली. कीर्द, म्हणजे रोजची नोंद, बरोबर होती, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा ताळा, जुळली होती, कारण नावे आणि जमा दोन्हीकडे रक्कम सारखीच जाते आणि खाते चुकले तरी बेरजा चुकत नाहीत. जुळलेल्या तेरजेच्या भरवशावर मी त्या पुरवठादाराला ठणकावून पत्र लिहिले की आमचा आगाऊ पैसा तुमच्याकडे अडकला आहे. तो वयस्कर गृहस्थ स्वतः पावत्या घेऊन कार्यालयात आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी माफी मागितली, त्यांनी ती मोठ्या मनाने स्वीकारली, पण त्या दिवसापासून मी 'जुळले' हा शब्द पुराव्यासारखा वापरत नाही. शिल्लक दिसली की ती कुठून आली हे विचारायचे, ही गोखल्यांची रीत मी उचलली आणि ती टिकली, कारण तिच्यामागे माझी स्वतःची चूक उभी होती.

रानड्यांच्या घरातही हेच दिसते. १८७३ मध्ये लग्न होऊन आलेल्या ११ वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. पतीने शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना खरा अडथळा अभ्यासाचा झाला नाही, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या टोमण्यांचा झाला. त्यांनी उलट उत्तर द्यायचे नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, अशी दुहेरी सवय लावून घेतली. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे करताना त्यांना याच सहनशीलतेची गरज पडली असणार. सगळ्याच बायकांनी टोमणे गिळावेत असे मी कधीही म्हणणार नाही. ते त्या काळातल्या, त्या घरातल्या, त्या मुलीने शोधलेले उत्तर होते.

आता मोडीकडे येते, कारण माझे घोडे अडले होते ते तिथे.

मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा आखतात आणि मग अक्षरे तिला लटकवत, बोरू शक्यतो न उचलता, लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीत भेद करत नाहीत, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात आणि कोणता घ्यायचा ते संदर्भावरून ठरवावे लागते. पेशवाईतल्या कागदांवर साल अरबी अंकांच्या नावांनी येते. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे १, ७०, १०० आणि १००० मिळून ११७१, आणि त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७०-७१ हे इसवी साल मिळते. या गोष्टी पाठ करता येतात आणि मी त्या केल्या होत्या. वर्णमाला मला तिन्ही वेळा महिन्याभरात आली. मी गळाले ती प्रत्यक्ष कागद वाचायला लागल्यावर. दर ओळीत मी दोन-तीन ठिकाणी अडखळत असे आणि अंदाजाने एक शब्द टाकून पुढे जात असे. तो चुकला की पुढची ओळ बिघडत असे, आणि पान संपेपर्यंत काय बरोबर नि काय चूक याचा मेळ राहत नसे. ते पान सरांना दाखवण्याची मला लाज वाटे, म्हणून पुढच्या रविवारी मी वर्गालाच जात नसे.

चौथ्यांदा नाव घालण्याआधी मी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी, म्हणजे निरनिराळी हस्तलिखिते पडताळून ठरवलेल्या पाठाविषयी, वाचत होते. हे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून त्याची धुरा विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे होती. त्यांचे शिक्षण केंब्रिजला गणिताचे आणि मग बर्लिनला संस्कृतचे झाले होते. काम अवघड होते ते असे की शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा लिप्यांतली १,२५९ हस्तलिखिते तपासायची होती आणि प्रत्येकात श्लोक वेगळे, शब्द वेगळे, क्रम वेगळा होता. त्यासाठी चौकोन आखलेले मोठे कागद वापरले गेले. सर्वांत वर प्रचलित पाठाचे एकेक अक्षर एकेका चौकोनात लिहायचे आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातला फरक त्याच अक्षराखाली उतरवायचा. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही हे पाठ उतरवण्याचे काम चालत होते.

त्या कागदांविषयी वाचताना मला भरून आले, हे मी मोकळेपणाने सांगते. महाभारत वाचायला बसलेला इतका मोठा विद्वान एका अक्षराच्या चौकोनापाशी थांबत होता. त्याहून मोलाचे मला हे वाटले की त्यांनी जो पाठ निवडला तो वर छापला आणि जे नाकारले ते फेकून न देता खाली तळटीपांत ठेवले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला त्यांचा निर्णय फिरवायचा असेल तर त्याचे सगळे साहित्य त्याच पानावर मिळावे. आणि ज्या शब्दांविषयी स्वतःची खात्री नव्हती, त्यांच्याखाली त्यांनी नागमोडी रेष ओढली. आयुष्याची १८ वर्षे एका ग्रंथाला दिल्यावरही आपल्या शंका छापील पानावर उघड ठेवणे, यासाठी लागणारे धैर्य मी इतरत्र फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. १९४३ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा बरीच पर्वे व्हायची होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांना ती पुढे नेता आली, याचे एक कारण ही मांडणी आहे असे मला वाटते. कुठे काय ठरले, कशावरून ठरले आणि कुठे ठरले नाही, हे सगळे लिहिलेले होते.

मी चौकटीची वही आणली, लहान मुलांना गणिताला लागते ती. मोडीतली एक ओळ घ्यायची आणि एका चौकटीत एकच अक्षर लिहायचे, देवनागरीत. अडले तर चौकट रिकामी सोडायची आणि खाली शक्यता लिहायच्या. अंदाज असेल तर नागमोडी रेष ओढायची. पहिल्या संध्याकाळी दीड तासात माझ्या दोन ओळी झाल्या. गती फारच कमी होती, पण ओळ संपल्यावर पहिल्यांदाच मला माहीत होते की कोणती ३१ अक्षरे मला आली आहेत आणि कोणती ४ आलेली नाहीत. माझी अडचण शिस्तीची कधीच नव्हती. कळले काय आणि कळले नाही काय यांचा गुंता होऊन मी घाबरत होते, आणि मी त्याला आळस म्हणत होते.

तरी ते पान दाखवण्याची लाज शिल्लक होतीच. वर्गात माझ्याहून २० वर्षांनी लहान मुले होती आणि नोकरीत मी इतरांच्या चुका काढणारी होते. या ठिकाणी मला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची गोष्ट उपयोगी पडली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा नारळीकर जगभर नावाजलेले होते आणि त्यांना पद्मभूषण मिळूनही ९ वर्षे झाली होती. त्यांना कथा पाठवायची होती, पण परीक्षक कथेचा निकाल देतील की नावाचा, हा प्रश्न होता. त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले, त्याची आद्याक्षरे त्यांच्या स्वतःच्या आद्याक्षरांच्या उलट क्रमाने होती. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती कथा आपल्या हाताने उतरवून काढली. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, आणि मघाशी आनंदीबाईंविषयी म्हटले ते इथेही लागू आहे. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

या गोष्टीतला गमतीचा भाग सगळ्यांना आठवतो, मला त्यातला शिकणारा माणूस दिसतो. कथालेखनात आपण नवखे आहोत हे मान्य करून, आपल्या कीर्तीची मदत मिळणार नाही अशी व्यवस्था त्यांनी स्वतः केली. पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केल्यावर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत असत की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही असेलच. मला या दोन गोष्टी एकाच स्वभावातून आलेल्या वाटतात. दोन्हींत नाव बाजूला सरते आणि काम समोर येते.

नारळीकरांची अडचण मोठ्या नावाची होती आणि माझी चुकीच्या भीतीची, म्हणजे दोन्ही अगदी उलट, पण उपाय एकच लागू पडला. मी सरांना विचारले, "सर, आपण सगळ्यांनी वाचनाचे कागद नावाशिवाय, नुसता क्रमांक घालून दिले तर चालेल का?" सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "चालेल की. मलाही मोकळेपणाने लाल शाई वापरता येईल." पुढच्या रविवारी एका कागदावर १७ चुका निघाल्या. सरांनी तो फळ्याशेजारी लावला आणि एकेक चूक समजावून सांगितली. तो कागद माझा होता. वर्गातल्या एका मुलाने मागून विचारले, "रिकाम्या चौकटी सोडल्यात त्या कुणी? छान पद्धत आहे." त्यानंतर क्रमांकाची गरज मला फार दिवस लागली नाही.

आता मी रात्री साडेनऊ ते सव्वादहा या वेळेत बसते, मुलगी तिच्या अभ्यासाला बसलेली असते तेव्हा. पहाटे पाच ही वेळ माझ्या वाट्याला आलेली नाही आणि तिची मला खंत नाही. निळी वही मी टाकून दिलेली नाही, पण तिच्यात नवा तक्ता आखलेला नाही. एखाद्या मोठ्या माणसाविषयी वाचताना मी आता दोन प्रश्न लिहून ठेवते. या माणसाचे कुठे अडले होते? आणि तसे माझे कुठे अडले आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर ती सवय कितीही कौतुकाची असली तरी मी आदराने बाजूला ठेवते. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हजारो नाण्यांचे वजन एकेक करून घेत, कारण चलनात फिरून नाणे किती झिजते यावरून त्यांना इतिहास वाचायचा होता. मला ते वाचून थक्क व्हायला होते, पण मी नाणी तोलायला बसणार नाही.

गेल्या पावसाळ्यात पेटीतला पहिला कागद पुरा झाला. तो शके १७९३ चा, म्हणजे १८७१-७२ मधला कर्जरोखा निघाला. पणजोबांनी बैल घेण्यासाठी गावातल्याच कुणाकडून पैसे घेतले होते, व्याजाचा दर ठरला होता आणि खाली साक्षीदारांची नावे होती. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी उशाशी बसून तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी बँकेतल्या सवयीने आधी व्याजाचा दर पुन्हा विचारला आणि मग म्हणाले, "साक्षीदार कोण कोण होते?"

मी तीन नावे वाचली. चौथे नाव बरोबर घडीवर आले होते, तिथे कागद विरला आहे आणि अर्धे अक्षर गेले आहे. मी त्यांना वही दाखवली. त्या जागी दोन चौकटी रिकाम्या होत्या, तिसरीत एक अक्षर होते आणि त्याखाली नागमोडी रेष.

"ही रेष कसली?" त्यांनी विचारले.

"इथं मला खात्री नाही, अण्णा."

त्यांनी बोट त्या रेषेवरून हळूच फिरवले आणि म्हणाले, "असू दे तशीच. पेटीत अजून कागद आहेत, त्यांत हा माणूस पुन्हा भेटेल."